जोडबटण

मास्तर कपड्यात माया सोडत नसत. उद्या कपडा सैल करायची वेळ आली तर असावं म्हणून शिंपी शिवणीच्या आत जे जादा कापड दाबून ठेवतात ना, ती माया. "ज्याला आपल्या मापाचा भरवसा नाही, त्याने सोडावी," असं ते म्हणत. ट्रायलही नसे. माप द्यायचं, सांगितल्या दिवशी यायचं, कपडा घ्यायचा आणि वाटेला लागायचं.

एवढा ताठा असलेल्या माणसाचं नाक कधी ना कधी कापलं जाणारच, असं म्हणणं सोपं आहे. पण उभ्या आयुष्यात ते कापलं गेलं नव्हतं, कारण मास्तर खरोखरच चांगले शिंपी होते. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं, हा माणूस नुसता तोंडाळ होता. तोंडाळ होताच, पण नुसता नव्हता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला शिलाईचं मशीन, मधे कापड कापायचं लांब टेबल, त्याच्या कडेला इंचांच्या खुणांची पितळी पट्टी ठोकलेली. मागच्या दाराला पडदा, आणि बाजूच्या खिडकीशी मास्तरांची बायको काजं करत आणि बटणं लावत बसलेली. तिला सगळे बाई म्हणत. बाईंच्या मांडीपाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यात बटणं, हूक, सुया आणि काय काय.

माप घ्यायची टेप मात्र वेगळ्याच मानाची. ती बाईंच्या वडिलांची. मास्तर त्यांच्याच हाताखाली शिकले आणि मग त्यांचेच जावई झाले. सासऱ्यांनी जाताना दुकान दिलं, कात्री दिली आणि ही मेणकापडाची टेप दिली. ती जुनी झाल्यावर सारखी गुंडाळी व्हायला लागली. माप घेताना टोक वळायचं, मास्तरांचं डोकं फिरायचं. मग त्यांनी एक युक्ती काढली. दुकान बंद केलं की टेप खिळ्याला टांगायची आणि खालच्या टोकाला मोठी लोखंडी कात्री अडकवायची. सकाळी टेप ओळंब्यासारखी सरळ. या युक्तीचं त्यांना फार कौतुक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, "वस्तू सांभाळावी लागते हो. नवीन काय, कुणीही घेतं."

त्यानंतर कधीतरी गिऱ्हाइकं म्हणायला लागली की कपडे घट्ट होतात.

पहिला आला तो शाळेतला गणिताचा शिक्षक. शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. मास्तरांनी त्याला आरशासमोर उभं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सर, पोरांचे डबे तपासता की संपवता?" दुकानात हशा पिकला. सरही हसले. काय करणार? मग बसड्रायव्हर आला, पँटची कंबर आवळते म्हणाला. "स्टिअरिंग अजून पोटाला लागत नाही ना? मग चिंता करू नका," मास्तर म्हणाले. पुन्हा हशा. माप कधी खोटं बोलत नाही, पोट बोलतं, हे त्यांचं पालुपदच झालं. रोज चार टाळकी चहा प्यायला जमत, ती केवळ आज कुणाचं पोट निघतंय हे ऐकायला.

ज्याचं पोट एकदा निघालं, तो दुसऱ्यांदा तक्रार घेऊन आला नाही. तो बाजूच्या खिडकीशी गेला. तिथे बाई आवाज न करता डबा उघडत आणि एक जोडबटण काढून देत. वस्तू साधीच. एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला रबरी फास, मधे बोटभर पट्टी. बटण पँटच्या काजात घालायचं, फास पँटच्या बटणात अडकवायचा, की कंबर तेवढी सैल. कॉलरसाठी त्याचंच छोटं भावंड मिळतं, स्प्रिंगचं. हवं तेव्हा लावा, हवं तेव्हा काढा, शिवायची गरज नाही. वरून पट्टा बांधला की कुणाच्या बापाला कळत नाही. "ह्यांना सांगू नका हं," बाई म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, "नाही हो, उगाच कशाला म्हाताऱ्याला दुखवायचं."

बाई फुलं काढलेल्या रुमालाखाली तो डबा झाकून ठेवायला लागल्या होत्या.

जावयाची गोष्ट याच दिवसांतली. मास्तरांची एकुलती एक लेक त्याच गावात, जरा लांबच्या वस्तीत राहायची. जावई चष्म्याच्या दुकानात कामाला. गरीब स्वभावाचा, हळू बोलणारा, आणि जेवणारा असा की त्याला वाढताना वाढणाऱ्याचंच पोट भरावं. बाईंना त्याचं भारी कौतुक. आणखी वाढू का विचारलं की तो कधी नाही म्हणत नसे. ताट पुढे सरकवून म्हणायचा, "आई, तुमच्या हातचं असल्यावर विचारता काय?"

त्याला नव्या शाखेचा प्रमुख केलं, तेव्हा मास्तरांनी हौसेने त्याच्यासाठी पँट-शर्ट शिवला. कापड स्वतः निवडलं, माप स्वतः घेतलं. पुढच्या रविवारी लेक-जावई जेवायला आले, सोबत जावयाची आई आणि थोरला भाऊ. जावयाने तोच नवा जोड घातला होता. बसताना त्याने पँटचं बटण हळूच काढलं आणि वरून शर्ट ओढून घेतला. मास्तरांची नजर शिंप्याची. ती नेमकी तिथेच गेली.

"जावईबापू," ते म्हणाले, "लोकांना चष्मे विकता, आणि स्वतःचं पोट दिसत नाही होय? जरा बेतानं. नाहीतर पुढची पँट तंबूवाल्याकडून शिवून घ्यावी लागेल."

सगळे हसले. भाऊ तर ठसका लागेपर्यंत हसला. आई म्हणाली, "मी सांगून थकले हो, तुम्हीच सांगा." जावईही हसला. कान लाल झाले तरी हसत राहिला. मग बाई भाताचा डाव घेऊन आल्या, तेव्हा त्याने पहिल्यांदाच ताटावर हात धरला.

"बस आई. पोट भरलं."

लेकीने बापाकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथे ओशाळला असता. मास्तर लोणच्याची फोड शोधत होते.

निघताना बाईंनी जावयाला आत बोलावून एक जोडबटण हातावर ठेवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "नको आई. बाबांचं माप कधी चुकत नाही. माझंच चुकलं असणार."

त्यानंतर तो येई, पण खाई चिमणीएवढं. कधी पोट भरलेलं, कधी उशिरा नाश्ता झालेला. मास्तरांना यात आपला विजयच दिसला. बाईंना म्हणाले, "बघ, वेळेवर बोललेलं लागू पडतं. मनाला लावून घेणारा माणूस आहे, म्हणून सुधारला." बाई काही बोलल्या नाहीत. त्या न बोलता जे बोलत, ते मास्तरांना ऐकूच येत नसे.

आणि मग एका सकाळी ड्रायव्हर नवीन गणवेश शिवायला आला.

दुकानात चहावाली टाळकी होतीच. ड्रायव्हरच्या हातातून बसची किल्ली पडली, ती उचलायला तो वाकला, शर्ट वर सरकला, आणि सैल पट्ट्यावर मास्तरांना काळा रबरी फास दिसला.

"हे काय?"

"काही नाही मास्तर."

"काही नाही? माझ्या पँटला लगाम घातलाय, आणि काही नाही?" मास्तर उठलेच. "लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील? मास्तरांनी शिवलेली पँट दोरीनं बांधावी लागते? अहो, पोट तुमचं सुटलं, नाव माझं जातं!"

ड्रायव्हर भला माणूस. पण सकाळच्या पाळीआधी, चारचौघांत, किती ऐकून घ्यायचं? तो म्हणाला, "मास्तर, माझं वजन दर सहा महिन्यांनी कामावर तपासतात. इकडचं तिकडं झालेलं नाही."

"मग आजच सोक्षमोक्ष लावू. उभे राहा."

मास्तरांना सगळ्यांची मापं तोंडपाठ. ड्रायव्हरची कंबर छत्तीस. आता अडतीस तरी निघणार, आणि निघाली की ती मोठ्याने कशी सांगायची, तेही त्यांनी ठरवून टाकलं. टेप कमरेभोवती फिरवली, बोट धरलं, चष्मा खाली घेतला.

छत्तीस.

पुन्हा धरली. छत्तीसच. एक दोराही जास्त नाही.

"मग पँट आटली असेल," चहावाल्यांतला एक म्हणाला. मास्तरांनी ड्रायव्हरला पडद्यामागे पिटाळलं आणि पँट बाहेर मागून घेतली. तिच्या कमरेला टेप लावली. पस्तीस.

"मी छत्तीस कापली होती," ते पुटपुटले. माणूस छत्तीस, पँट पस्तीस. आपला हात चुकला? त्यांनी पँट टेबलावर ठेवली आणि कंबर पितळी पट्टीशी लावून पाहिली. पट्टीवर ती सरळ छत्तीस निघाली. टेपवर पस्तीस, पट्टीवर छत्तीस.

कापड ते नेहमीच या पट्टीवर मापून कापत आणि माणूस टेपने मापत. दोन्ही वस्तू हाताच्या अंतरावर, पण त्यांची एकमेकींशी गाठ घालून द्यायचं कधी त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आता त्यांनी टेप पट्टीवर अंथरली. सुरुवातीला खुणा जुळल्या. दहापर्यंत जुळल्यासारख्या वाटल्या. पुढे टेप हळूहळू सरकत गेली, आणि तिचा छत्तीस पट्टीच्या सदतिसाला जाऊन टेकला.

मास्तरांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. तिथे कात्री लटकत होती. रोज रात्री टांगून, ताणून, त्यांनीच त्या टेपचा एकेक इंच लांबवला होता. माणसाची सदतीस इंच कंबर ती छत्तीस सांगत होती, आणि मास्तर इमानेइतबारे छत्तीसची पँट शिवत होते. वर माया सोडायची नाही.

चहावाले एकेक करून पेला ठेवून निघाले, आणि जाताना त्यांनी मास्तरांची चेष्टा केली नाही, हे मास्तरांना चेष्टेहून झोंबलं.

"मास्तर," पडद्यामागून आवाज आला, "पँट द्या हो, ड्यूटी आहे माझी."

मास्तरांनी पँट आत दिली. ड्रायव्हर बाहेर आला, त्याने त्यांच्यासमोरच जोडबटण अडकवलं आणि म्हणाला, "जाऊ द्या. टेपच ती."

तो गेल्यावर मास्तर बाईंकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"कपडे घट्ट होतात हे माहीत होतं. का होतात, ते नव्हतं." बाईंनी सुई कापडात खोचली. "मला वाटलं, तुमचे डोळे गेले."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. तुम्ही म्हणालात, तू काजं कर, अक्कल पाजळू नकोस. पुन्हा कसं बोलू? डोळे गेले म्हटल्यावर तुम्ही दुकानात बसला असता का?"

त्यांनी रुमाल काढून डबा पुढे केला. आत जोडबटणांचे रिकामे कागदच किती होते. त्यातल्या प्रत्येकामागे एक गिऱ्हाईक, एक पोट आणि मास्तरांचा एक विनोद. त्या म्हणाल्या, "आणि तुमचं म्हणाल, तर तुमच्या प्रत्येक पँटचं बटण मी सरकवून लावते. कडेला, अगदी काठावर. बघा."

मास्तरांनी खाली पाहिलं. बटण काठावर होतं. आपली कंबर तरुणपणापासून तशीच आहे, हे ते सगळ्यांना ऐकवत आले होते.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेप खोटी निघाली याची लाज होतीच, पण ती पचली असती. कपडा बिघडला तर कपडा पुन्हा शिवता येतो. त्यांना आठवत होते ते चेहरे. गणिताचे सर, ज्यांनी नंतर या गल्लीतून जायचंच सोडलं. हसणारा ड्रायव्हर. ज्यांचं काहीच चुकलं नव्हतं त्या माणसांना आरशासमोर उभं करून त्यांनी त्यांचं हसं केलं होतं, आणि ती माणसं खिडकीशी जाऊन त्यांचीच अब्रू झाकत होती. सासऱ्यांचीही आठवण आली. शिकाऊ असताना मास्तरांनी एकदा एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. सासऱ्यांनी तो कोट गुपचूप पोत्याखाली सरकवला आणि म्हणाले, "जेवून घे आधी."

मग त्यांना जावयाने ताटावर धरलेला हात आठवला.

"लेकीकडे जायला हवं," ते म्हणाले.

"मी केव्हाची म्हणतेय," बाई म्हणाल्या. म्हणाल्या नव्हत्या, पण मास्तरांना ते आता ऐकू आलं.

रविवारी दोघं निघाले. मास्तरांनी नवी टेप घेतली होती, न ताणली जाणारी, दुकानातच पट्टीला लावून पाहिलेली. वाटेत ते एक वाक्य घोकत होते. 'जावईबापू, टेप जुनी झाली होती, तेव्हा तुमची पँट पुन्हा शिवून देतो.' वाक्य चांगलं बसलं होतं. त्यात सगळा दोष टेपचा होता.

दार जावयानेच उघडलं. मास्तरांनी त्याला नीट पाहिलं, ते कितीतरी दिवसांनी. गाल बसले होते. शर्टाच्या कॉलरमधे मान घागरीतल्या डावासारखी हलत होती.

"बाबा! बरं झालं आलात. तुम्हाला दाखवायचंच होतं." त्याचा चेहरा नुसता फुलला होता. त्याने शर्ट वर केला. तीच पँट. "आधी लागत नव्हती ना? मग लागायला लागली. आता तर सैल होते! हे बघा, बाजारातून टाचणीचं बटण आणलंय. कुठेही टोचा, कंबर तेवढी कमी. शिवायला नको, काही नको."

चकचकीत पितळी बटण पँटच्या मूळ बटणाच्या चांगलं दोन बोटं आत टोचलेलं होतं. कमरेला कापडाची चुणी पडली होती. मास्तरांना टेप काढायची गरज नव्हती. नजरेनेच कळत होतं, या माणसाने किती जेवणं सोडली असतील.

"दाखव, दाखव," आतून लेक म्हणाली. "उपाशी झोपतोस, परवा दुकानात चक्कर येऊन पडलास, तेही दाखव."

"तू गप गं," तो हसत म्हणाला. "बाबा, तुम्ही तेव्हा बोललात म्हणून जमलं. खरंच."

घोकलेलं वाक्य मास्तरांच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. टेपचं नाव घेऊन सुटता आलं असतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई दारातच उभ्या होत्या, चप्पल न काढता.

"माझं माप चुकलं होतं," मास्तर म्हणाले. "मी एक इंच कमी शिवली होती. तुमचं पोट सुटलं नव्हतं."

जावई हसतच राहिला, न कळल्यासारखा. मग त्याने शर्ट खाली सोडला.

"म्हणजे मी जाड झालोच नव्हतो?"

"नाही."

"होतो तसाच होतो?"

"होतात तसेच होतात. मी बोललो ते खोटं होतं. चारचौघांत बोललो, माफी मात्र घरात मागतोय. तुमच्या आईसमोर आणि भावासमोरही मागेन."

जावई पँटच्या बटणाशी चाळा करत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. शेवटी हळूच म्हणाला, "पण सगळे हसले होते, बाबा."

"हो."

"मला वाटलं, सगळ्यांना दिसत असणार. मलाच दिसत नाही."

मास्तरांनी नवी टेप खिशातून काढली होती, ती तशीच मुठीत दाबून धरली. माप घ्यायचं म्हणजे त्या कमरेभोवती हात घालायचा, आणि तेवढा अधिकार आपल्याला उरलाय असं त्यांना वाटेना.

लेकीने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "पानं वाढलीयत. बसा."

सगळे बसले. बाईंनी लेकीच्या हातातून डाव घेतला. जावई पहिला भात जेवला, सावकाश, घास मोजल्यासारखा. मधे दोन गोष्टीही बोलला, चष्म्याच्या एका गिऱ्हाइकाचा किस्सा सांगितला, मास्तर नको तितक्या जोरात हसले. मग बाई पुन्हा डाव घेऊन त्याच्यापाशी आल्या आणि या वेळी न विचारताच वाढायला वाकल्या.

त्याचा हात आपोआप ताटावर आला. आणि डोळे मास्तरांकडे गेले, लहान मुलाचे मोठ्यांकडे जातात तसे.

"घ्या की," मास्तर म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "घ्या हो. पोटभर जेवा."

जावयाने हात काढायचा प्रयत्न केला. खरंच केला. मग ओशाळं हसून म्हणाला, "जात नाही बाबा आता."